गाडग्यासकट शिबिराला

चर्चमध्ये उपासना संपली की सूचना होतात, आणि सूचनांच्या वेळी आमच्या मंडळीतले अर्धे लोक दाराशी चपला शोधत असतात. त्या रविवारी मात्र मी जागची हलले नाही. मी पंधरा वर्षांची होते, दहावीत जाणार होते, आणि मुलींच्या उन्हाळी शिबिराची वाट पाहत होते. शिबिर केळापूरच्या बाजूला, चर्चच्या जुन्या आमराईत व्हायचं. आधी जाऊन आलेल्या मुली सांगायच्या, तिथं झाडाखाली झोपायचं, विहिरीवर अंघोळ करायची, पहाटे टेकडी चढायची आणि आठवडाभर आईबापाचं तोंड पाहायचं नाही. मला त्यातलं सगळंच हवं होतं. शेवटचं जरा जास्त.

मंडळीचे सेक्रेटरी वाचू लागले. पवित्र शास्त्र, गीतांचं पुस्तक, ताट-वाटी-पेला, चादर, टॉर्च, डोक्याला टोपी किंवा ओढणी, पाण्याची बाटली. कपडे साधे, अंगभर. मोबाईल नको, दागिने नकोत, खाऊ नको. खाऊ सापडला तर जमा करून सगळ्यांत वाटला जाईल. मी मनातल्या मनात बॅग भरत होते. मग त्यांनी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "आणि आजारी मुलींना कृपा करून पाठवू नये. तिथं दवाखाना जवळ नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी कागदाकडे न बघता म्हटलं. आमच्या बाकाकडे बघून म्हटलं. आईनं मान खाली घातली. मी घातली नाही.

मला शुगर आहे. म्हाताऱ्यांना होते ती नव्हे, लहान मुलांना होते ती. पाचवीत असताना मी अचानक वाळत गेले, घागरभर पाणी पिऊ लागले आणि एक दिवस शाळेतच आडवी झाले. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई आईला सांगत होत्या, हिच्या शरीरात इन्सुलिन बनणं थांबलंय, आता ते रोज बाहेरून द्यायचं, जन्मभर. आमच्या नात्यागोत्यात कुणाला ते पटलं नाही. "एवढ्याशा पोट्टीले शुगर? मिठाई लय चारली असन," असं आत्या आईच्या तोंडावर म्हणाली. आईनं तेव्हापासून घरात गोड करणंच सोडलं, नाताळाच्या करंज्यासुद्धा. पहिली दोन वर्षं सुई ती टोचायची. सातवीत मी तिच्या हातातून सुई घेतली आणि म्हटलं, "तू लय हळू टोचतेस, जास्त दुखते." त्या दिवसापासून माझं मीच करते. जेवणाआधी बोट टोचून मशीनवर साखर बघायची, मग पोटात सुई घ्यायची, मग ताटावर बसायचं. हे मला केस विंचरण्यासारखं झालं होतं. पण मंडळीत, शाळेत, लग्नाकार्यात मी "बिचारी" होते. लोक माझ्या पुढ्यातून पेढ्यांचं ताट उचलताना असा चेहरा करायचे, की मला मुद्दाम दोन पेढे खावेसे वाटायचे.

घरी आल्यावर मी म्हटलं, "मी जाणार."

"कुठं?" आईनं विचारलं. तिला नीट माहीत होतं कुठं.

"शिबिराला."

"त्याईनं सांगतलं न, आजारी पोरी पाठवू नका म्हून."

"मी आजारी नाही."

आई शिलाई मशीनवर बसली होती. ती शाळेचे गणवेश शिवते. उन्हाळ्यात तिच्याकडे निळ्या कापडाचे ढीग असतात. ती पायडल मारत राहिली आणि मशीनच्या आवाजातच म्हणाली, "तिथं फ्रीज नाही. तुही बाटली खराब होईन. उन्हात साखर उतरली त कोन पायीन? नाही जायाचं. बोलू नको आता."

बाबा दारात बसून पेपर वाचत होते. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ते मशीन चालवतात आणि घरी आल्यावर आवाज नको असतो त्यांना. त्यांनी पेपरचं पान उलटलं.

आता इतर मुली अशा वेळी जेवण टाकतात. रुसतात, खोलीत जाऊन पडतात, आणि रात्रीपर्यंत आई पाघळते. मला तेही करता येत नव्हतं. सुई घेऊन मी जेवले नाही तर अर्ध्या तासात थरथर कापायला लागते. म्हणून मी वेगळं केलं. पेटीवरची जुनी बॅग काढली, झटकली आणि समोरच्या खोलीच्या अगदी मधोमध ठेवली. तिच्यात चादर घातली, पवित्र शास्त्र घातलं, ताट घातलं. जो येईल तो तिला अडखळे. आईनं दुपारी सामान काढून कपाटात ठेवलं. संध्याकाळी मी परत भरलं. दुसऱ्या दिवशी तिनं काढलं, मी भरलं. आम्ही दोघी त्याबद्दल एक शब्दही बोललो नाही. बाबा कामावर जाताना बॅगेवरून लांब टांग टाकून जायचे, गटार ओलांडावं तसे.

तीन-चार दिवस असं चाललं. मग एका संध्याकाळी पाळकीणबाई, आमच्या पाळकांच्या पत्नी, आल्या. त्या चांगल्या बाई आहेत, हे मी आजही म्हणते. कुणाच्या घरी मयत झालं तर स्वयंपाक घेऊन पहिल्या त्याच पोचतात. त्यांनी चहा घेतला, बॅगेकडे पाहिलं आणि आईला समजावू लागल्या.

"हे पाहा, आम्हालाही वाईट वाटतं. पण कमिटीचं म्हणणं बरोबर आहे. काही झालं तर जबाबदारी कुणाची? पुढच्या वर्षी पाहू."

"हो, बाई," आई म्हणाली.

"पुढच्या वर्षी माझी शुगर जाणार आहे का?" मी विचारलं.

आईनं डोळे वटारले. पाळकीणबाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आईलाच म्हणाल्या, "अशा मुलींना जपावंच लागतं हो. शिबिरात चार गावच्या मुली असतात. तिथं हिचं सुई-बिई सगळ्यांना दिसणार, गावोगाव बोभाटा होणार. उद्या हिचं लग्न करायचं म्हटलं तर? झाकलेलं बरं."

मी आईकडे पाहत होते. तिनं हातातला कप खाली ठेवला. तिच्या मानेवरची शीर दिसू लागली. ती कुणाशी भांडणारी बाई नाही. दुकानदारानं कमी कापड मोजलं तरी घरी येऊन चडफडते.

"अशी म्हंजे कशी, बाई?" तिनं विचारलं.

"म्हणजे, तसं नव्हे..."

"नाही, तुमी म्हनल्या अशी. माही पोरगी चोरी करून आली काय? झाकाचं काय त्याच्यात?" पाळकीणबाई काही बोलणार, तेवढ्यात आई उठून उभी राहिली. "लग्नाचं लग्नाच्या वक्ती पाहू. आता ती शिबिराले जाऊन राह्यली. कमिटीले सांगून द्या."

पाळकीणबाई गेल्या. आईनं कप विसळले. मग ती बॅगेपाशी येऊन बसली, मी कोंबलेलं सगळं सामान तिनं बाहेर काढलं, आणि मी ते परत आत घालायला पुढे झाले. पण ती म्हणाली, "असं भरतात काय व बॅग? ताट खाली ठेवलं त चादर वर कशी राहीन? आन इकडं."

त्या रात्री आईला काय वाटलं ते मला माहीत नाही. मला एवढंच कळलं की तिला ज्या गोष्टीची लाज वाटते असं मी चार वर्षं समजत होते, तिची तिला लाज नव्हती. भीती होती. लाज आणि भीती दोन्हींत माणूस मान खालीच घालतो, म्हणून मला फरक कळला नव्हता.

खरा प्रश्न इन्सुलिनचा होता. आईचं ते म्हणणं खोटं नव्हतं. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं, आणि इन्सुलिनची बाटली असल्या उन्हात राहिली तर तिच्यात फक्त पाणी उरल्यासारखं होतं. डॉक्टरीणबाईंना बाबांनी फोन केला. फोनवर ते फक्त "हो मॅडम, हो मॅडम" करत होते. फोन ठेवून ते सायकल घेऊन बाहेर पडले आणि अंधार पडायच्या आत दोन मातीची गाडगी घेऊन आले, एक मोठं, एक लहान. मोठ्यात रेती भरली, रेतीत लहान गाडगं बसवलं, रेतीवर पाणी शिंपडलं आणि वरून ओलं फडकं बांधलं. "वारा लागला पायजे," ते म्हणाले. "रेती सुकू द्याची नाही. बस."

आईला बोलण्यावर भरोसा नाही. दुसऱ्या दिवशी तिनं दुकानातून दोन चॉकलेटं आणली. आमच्या घरात चॉकलेट! एक तिनं खिडकीत ठेवलं, एक लहान गाडग्यात, आणि गाडगं अंगणात कडुनिंबाखाली. दुपारी चारला आम्ही तिघं बघायला गेलो. खिडकीतलं चॉकलेट कागदातून ओघळून कट्ट्याला चिकटलं होतं. गाडग्यातलं आईनं बाहेर काढलं, दोन्ही हातांनी मोडलं, आणि ते कट्‌कन तुटलं. आई हसली. बाबांनी अर्धा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "मस्त लागते."

शेवटी माझी बॅग अशी झाली: सगळ्यांसारखं सामान, आणि त्यावर साखर मोजायचं मशीन, पट्ट्या, सुया, वापरलेल्या सुया टाकायला झाकणाची प्लास्टिकची बरणी, ग्लुकोजचे पुडे, बिस्किटं, फुटाणे. आईनं ग्लुकोज तीन ठिकाणी ठेवलं, कारण तिच्या मते बॅग हरवू शकते, पर्स हरवू शकते, पण माझ्या कुर्त्याला तिनं शिवलेला आतला खिसा हरवू शकत नाही. प्रत्येक कुर्त्याला तिनं तसा खिसा शिवला. गणवेशांची गिऱ्हाइकं खोळंबली तरी तिला चाललं. आणि गाडगं वेगळं, हातात.

बसमध्ये मी ते मांडीवर घेऊन बसले. फडकं बांधलेलं, ओलं, जड. शेजारच्या म्हातारबाबांनी बराच वेळ गाडग्याकडे पाहिलं, मग हळूच विचारलं, "कोन गेलं, बेटा?"

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर हसू आवरेना. "कुणी नाही गेलं आजोबा, औषध आहे," मी म्हटलं. तरी ते पुढच्या थांब्यावर मागच्या सीटवर जाऊन बसले.

आमराई दिसली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. मोठमोठी आंब्याची झाडं, पलीकडे सागाचं जंगल, पानं गळून उघडं पडलेलं, आणि त्याच्यामागे टेकडी. पटांगणात मुलींची रांग होती. शिबिराच्या ताई बॅगा तपासत होत्या. ताई म्हणजे तिशीतली, शाळेत शिकवणारी बाई. आवाज खणखणीत, हातात शिट्टी. त्यांच्या शेजारी टप होता आणि त्यात मुलींचे चिवडे, लाडू, वेफरचे पुडे पडत होते. माझी बॅग उघडली. त्यांनी बिस्किटं काढली.

"हे टपात टाक."

"नाही ताई. हे माझं औषध आहे."

"बिस्किट औषध कसं?"

मी सांगितलं. ताईंचा चेहरा बदलला. "तूच ती यवतमाळची? तुझ्या घरी निरोप दिला होता ना?"

"दिला होता. तरी आले."

मागच्या मुली कुजबुजू लागल्या. ताई म्हणाल्या, "बरं, आलीस तर आलीस. पण खाऊ ऑफिसात ठेव. लागेल तेव्हा मागून घे."

"ऑफिसला कुलूप असतं ताई. मला लागेल तेव्हा मला चालता येत नसेल."

मी बॅगेचा बंद धरून उभी राहिले. बंद सोडला नाही. रांग थांबली होती, ऊन डोक्यावर होतं. ताईंनी माझ्याकडे आणि रांगेकडे पाहिलं. "आज राहू दे," त्या म्हणाल्या. "उद्या पाहू. आणि टेकडीवर तू यायचं नाही. स्वयंपाकघरात मावशीला मदत कर."

याला मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

मुलींनी पहिल्याच संध्याकाळी माझं नाव "गाडगेवाली" ठेवलं. आमचा खाऊ जमा केला न हिचाच काहून नाही, हा त्यांचा राग होता, आणि तो मला समजत होता. जेवणाच्या वेळी ताई म्हणाल्या, सुई बाथरूममध्ये जाऊन घे. मी गेले. तिथं फरशी ओली, दिवा बंद, आणि माश्या. हातातली सुई कुठं ठेवावी कळेना. मी परत बाहेर आले, व्हरांड्यात सगळ्या मुली पंगतीला बसल्या होत्या त्यांच्यासमोर बसले, बोट टोचलं, आकडा पाहिला, बाटलीतून औषध ओढलं, कुर्ता जरासा वर केला आणि सुई घेतली. एक मुलगी "अगं माय" म्हणून किंचाळली. मी सुई बरणीत टाकली, झाकण लावलं आणि ताट पुढे ओढलं.

"दुखते काय व?" शेजारच्या मुलीनं विचारलं. ती आर्णीची होती, वडिलांचं मोटरसायकली दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिच्या नखांत थोडं काळं तेल होतं.

"मुंगी चावल्यासारखं."

"मले दाखवशीन उद्या? जवळून?"

"दाखवीन."

दुसऱ्या जेवणाला तिच्यासकट पाच-सहा जणी माझ्याभोवती गोळा झाल्या. एकीला स्वतःची साखर मोजून पाहायची होती. मी पट्ट्या मोजक्या आहेत म्हणून नाही म्हटलं. खाऊचा राग कुठं गेला कळलंच नाही. गाडग्याच्या रेतीवर पाणी शिंपडायला त्यांनी पाळ्या लावून घेतल्या. आर्णीवाली तर झाडाखालची वाऱ्याची जागा शोधून गाडगं दर तासाला सावलीप्रमाणे सरकवायची.

तिसऱ्या दिवशी पहाटे शिट्टी झाली तेव्हा मी तयार होऊन टेकडीच्या रांगेत उभी होते. ताईंनी मला पाहिलं. "तू?"

"मी येते आहे ताई."

"मी नाही म्हटलं होतं."

"तुम्ही म्हटलं होतं. मी म्हटलं नव्हतं."

आजही हे आठवलं की मला वाटतं, समोरच्यानं थोबाडीत मारावी असंच ते उत्तर होतं. ताईंनी मारलं नाही. शिट्टी फुंकली आणि चालू लागल्या. मी मागे निघाले.

टेकडी उंच नाही, पण दगडगोट्यांची. सागाची वाळलेली पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. अर्ध्यावर पोचेतो मी सगळ्यांत पुढे होते. मग माझ्या ओठांना मुंग्या आल्या. मी ओळखलं. गुडघे मऊ पडले, घाम फुटला, आणि समोरच्या मुलीच्या एका ओढणीच्या दोन दिसायला लागल्या. मी तिथंच दगडावर बसले. आतल्या खिशातून पुडी काढली. बोटं थरथरत होती. आर्णीवालीनं पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडून दिलं. मी ग्लुकोज पाण्यात घातलं आणि गटागटा प्यायले. कुणीतरी रडत होतं. ताई धावत खाली आल्या, "झोपव तिला, झोपव तिला" म्हणत. मी म्हटलं, "नको. बसू द्या. थोडा वेळ लागतो." आणि बसून राहिले. थोड्या वेळानं ओढणी एकच दिसू लागली. मी बिस्किटं खाल्ली, परत साखर मोजली. वर आली होती.

पण ताईंनी सगळ्यांना मागे फिरवलं. खाली आल्याआल्या त्यांनी मला ऑफिसात नेलं, आईला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"तुमच्या मुलीला टेकडीवर चक्कर आली. दुपारच्या बसनं न्यायला या."

पलीकडे शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला. "बोलून राह्यली काय ती?" आईनं विचारलं.

"हो, आता बरी आहे. माझ्यासमोरच उभी आहे."

"ग्लुकोज घेतलं काय तिनं?"

"घेतलं."

"कोनं पाजलं?"

"तिनंच घेतलं."

मला वाटलं, संपलं.

"मंग मले कायले बलावता, ताई?" आई म्हणाली. "मी तिथं असती त मीबी तेच केलं असतं. साखर उतरली, तिनं चढवली. घरीबी असंच होते. मी न्याले येत नाही."

"अहो, पण जबाबदारी..."

"जबाबदारी तिची हाय. तिले येते ते." मग ती मला म्हणाली, आवाज एकदम बदलून, "काय व, चढायच्या आधी काही खाल्लं होतं काय तू?"

मी फोनपासून एक पाऊल मागे सरकले.

"जास्त खाजो," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

ताईंनी फोन टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "जा, नाश्ता कर. दोनदा कर."

शेवटच्या संध्याकाळी एक बाहेरगावचे प्रचारक आले. आंब्याखाली सतरंज्या टाकल्या होत्या, पुढे टेबलावर पांढरं कापड आणि क्रूस. त्यांचा आवाज गोड होता. ते चंगाईवर बोलले, आंधळ्यांना दृष्टी कशी मिळाली, पांगळे कसे चालले, आणि सगळं विश्वासानं कसं झालं. मलाही ते ऐकायला आवडत होतं. मग ते म्हणाले, "तुमच्यात एक आजारी मुलगी आहे असं मला समजलं. पुढे ये, बाळ."

मी पुढे गेले.

"तुला बरं व्हायचं आहे?"

"हो."

"प्रभूवर विश्वास आहे?"

"आहे."

"मग त्या सुईवर कशाला विश्वास ठेवतेस? त्या दिवशी टेकडीवर तुझी सुई तुला वाचवू शकली का? जा, ती बाटली घेऊन ये आणि इथं टेबलावर ठेव. आज रात्री प्रार्थना करू. उद्या तुला तिची गरज राहणार नाही."

सगळ्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मला भीती वाटत होती, आणि ती त्यांची नव्हती. समजा प्रचारक खरं बोलत असतील तर? समजा मीच कमी पडत असेन तर? पाचवीत मी दवाखान्यात पडले, त्याच्या आधीचे कितीतरी दिवस आमच्या घरी रोज प्रार्थना होत होती. आत्या येत होती, पाळक येत होते, सगळे मनापासून करत होते. आणि मी मरत चालले होते. बाटली आली तेव्हा मी उठून बसले.

"प्रार्थना करा," मी म्हटलं. "माझ्या डोक्यावर हात ठेवून करा. पण बाटली मी देणार नाही."

"हा अविश्वास आहे, बाळ."

"मी रोज सुई घ्यायच्या आधी प्रार्थना करते. देव मला ओळखतो. बाटली देणार नाही."

त्यांचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी मुलींना डोळे मिटायला सांगितलं आणि लांबलचक प्रार्थना केली, तिच्यात हट्टी मनांसाठी बरंच मागणं होतं. मी डोळे मिटले नाहीत. पाहिलं तर निम्म्या मुलींचे डोळे उघडे होते.

आमेन झालं आणि कुणाला काय करावं कळेना. तेवढ्यात मागून ताईंचा खणखणीत आवाज आला. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी मला विचारलं, "तुझं इंजेक्शन झालं का? नसेल तर घे. मग मी वाढायला घेते."

मी गाडग्याकडे गेले.

आम्ही पंगतीला बसलो. आर्णीवालीनं हळूच विचारलं, "तुले भेव नाही वाटलं?"

"वाटलं."

"मंग?"

"वाटलं म्हणूनच नाही दिली."

ती माझ्या ताटातली हिरवी मिरची उचलून खाऊ लागली.

घरी परत आल्यावर आईनं मला आधी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. प्रचारकाचं ऐकून त्या मान हलवत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाटली दिली नाहीस ते उत्तम केलंस." मला वाटलं आता शाबासकी. पण टेकडीचं ऐकल्यावर त्यांनी पेन टेबलावर आपटला. "उपाशीपोटी डोंगर चढायला कुणी सांगितलं होतं? एवढं चालायचं असेल तर आदल्या रात्रीचा डोस मला विचारून कमी करायचा, आणि पोटात काहीतरी घालून निघायचं. हट्ट करायचा तर अक्कल सोबत घेऊन कर."

आई त्यांच्या बाजूनं झाली. दवाखान्याच्या फाटकापासून ऑटोत बसेपर्यंत आणि ऑटोत बसल्यापासून बाजारापर्यंत ती मला बोलत राहिली. मी किती बेअक्कल आहे, फोन आला तेव्हा तिच्या छातीत कसं झालं, स्पीकरवर मोठ्या तोंडानं बोलली पण फोन ठेवल्यावर तिला तासभर सुईत दोरा ओवता आला नाही, परत कध्धी कध्धी पाठवणार नाही. ऑटोवाला आरशातून आमच्याकडे बघत होता.

बाजाराच्या चौकात तिनं ऑटो थांबवायला सांगितला. मला वाटलं, गणवेशाची बटणं घ्यायची असतील. ती बुटांच्या दुकानात शिरली आणि स्टुलावर बसली. दुकानदारानं नेहमीप्रमाणे पट्ट्यांच्या चपला पुढे केल्या, मुलींच्या, चमकीच्या.

"हे नाही," आई म्हणाली. "मजबूत दाखवा. खाली दाते असलेले. पोरीले डोंगर चढाचा हाय."